ग्लासगोतली भिवापुरी

प्रमिलाताई गेल्याचं मला मॉरीनने कळवलं. मॉरीन त्यांच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण, वय ऐंशीच्या घरात, जन्मभर ग्लासगो सोडून कुठे राहिली नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता. मी ऑफिसात मीटिंगला बसलो होतो. दोनदा फोन कट केला, तिसऱ्यांदा उचलला. "अनी," ती म्हणाली. अनिरुद्ध तिला कधीच जमलं नाही. "नऊ वाजले तरी प्रमिलाच्या खिडकीचे पडदे सरकले नव्हते, म्हणून मी किल्ली लावून आत गेले. अँब्युलन्सवाले आलेत, पण ते काही घाई करत नाहीयेत." घाई करत नाहीयेत, एवढ्यावरून मला कळलं. मी पोचलो तेव्हा त्या पलंगावर होत्या, चादर नीट छातीपर्यंत घेतलेली, चेहऱ्यावर नेहमीचा तोच भाव, समोरच्याने काहीतरी मूर्खासारखं बोलल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर यायचा तो. बाहत्तर वर्षांच्या होत्या. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी मी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. टाकायला नको होत्या. दहा मिनिटांत जोडलेले हात आले, पणत्या आल्या, पांढरी कमळं आली. ज्यांनी त्यांना सात वर्षांत एक फोन केला नव्हता त्यांनी 'शब्द सुचत नाहीत' असं लिहून पुढे पंधरा ओळी लिहिल्या. एकाने त्यांचं नाव प्रतिभाताई केलं आणि त्याखाली बाकीच्यांनी निमूट अंगठे लावले. विवेकरावांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, त्यांना 'मंडळाचा आधारस्तंभ' म्हटलं. हा आधारस्तंभ सात वर्षं मंडळाच्या हॉलमध्ये पाऊल ठेवत नव्हता आणि तरी मंडळाचं छप्पर जागेवर होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या का येत नव्हत्या हे विवेकरावांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. म्हणून हे लिहितो आहे. मृत व्यक्तीबद्दल चांगलंच बोलावं असं म्हणतात. मी बोलणारच आहे. जिवंत आहेत त्यांच्याबद्दल मात्र तशी काही सक्ती नाही.

मी पुण्याहून ग्लासगोला आलो त्याला आठ वर्षं होतील. बँकेची नोकरी, वर्क व्हिसा, सोबत बायको नेहा आणि चार बॅगा. आम्हाला भाड्याचा फ्लॅट विवेकरावांनी ओळखीने मिळवून दिला होता आणि याची ते दर दोन वाक्यांनंतर आठवण करून देत. पहिल्याच मे महिन्यात मंडळाचं एक गेट-टुगेदर झालं, त्यात एक उंच, सडपातळ बाई दह्याच्या रिकाम्या डब्यांतून मिरचीची रोपं वाटत होत्या. निवृत्त नर्स, नागपूरकडच्या, चाळीसेक वर्षं इथल्या हॉस्पिटलांतून काढलेली. सगळे त्यांना 'मिरचीताई' म्हणत. रोपासाठी रांग लागली होती. "मिरचीताई, मला दोन", "मिरचीताई, गेल्या वर्षीचं काय फळलं होतं हो"... मलाही एक रोप मिळालं. देताना त्या म्हणाल्या, "जूनच्या मध्यापर्यंत बाहेर ठेवू नको. ऊन दिसलं म्हणून भुलू नको. इथलं ऊन दिखाऊ आहे." मी हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी छान ऊन पडलं म्हणून रोप बाल्कनीत ठेवलं. सकाळपर्यंत पानं काळी पडून लोंबत होती.

यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण या लेखात ती बाळगून चालणार नाही. ऑगस्टमध्ये मी एका गार्डन सेंटरमधून मिरचीचं तयार झाड आणलं, गोल गोल लाल फळं लगडलेलं, आणि मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात त्यांना अभिमानाने मोबाइलवर फोटो दाखवला. "ताई, तुमचं रोप." त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "हे माझं नाही," त्या म्हणाल्या. "माझं मेलं. कधी मेलं?" मी म्हणालो, मे महिन्यात. त्यांनी मोबाइल परत दिला. "मग तसं सांग ना. मिरची मेली तर पुन्हा लावता येते. खोटं बोललास तर त्याचं मी काय करू?" मला वाटलं होतं हसतील. त्या हसल्या नाहीत. चार लोकांसमोर माझा कान धरल्यासारखं झालं आणि मनातल्या मनात मी त्यांना खडूस ठरवून मोकळा झालो. आपण ज्याच्यासमोर उघडे पडतो तो खडूसच असावा लागतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा. मी कमिटीत नवा होतो आणि विवेकरावांची मर्जी राखण्यात मला विशेष रस होता. दोन टेबलं मांडली होती. एकावर घरचे पदार्थ: पुरणपोळ्या, अळूवडी, मसालेभात, साबुदाण्याची खिचडी. दुसऱ्यावर, दाराजवळ, विकत आणलेले समोसे, वेफर्स, ज्यूसचे कार्टन. कुणीतरी ठरवलं होतं की प्रत्येक पदार्थावर करणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं, म्हणजे नंतर आभार मानता येतील. प्रमिलाताईंनी लाल मिरचीचा ठेचा आणला होता. त्या वर्षीची पहिली तोड, लसूण घालून, काचेच्या बरणीत. बरणीवर पांढऱ्या लेबलवर स्वतःच्या सुबक अक्षरात पूर्ण नाव. आडनावासकट.

इतकी वर्षं त्या 'मिरचीताई' होत्या. आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असेल तर कुणी उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी ते लेबलवर आलं आणि पुरणपोळ्यांच्या शेजारी जाऊन बसलं. विवेकरावांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. अशी कामं करणाऱ्यांचे आवाज मऊच असतात. "अनिरुद्ध, ती ठेच्याची बरणी जरा तिकडे समोशांच्या टेबलावर ठेव ना. मला काही नाही रे, मी हे मानत नाही. पण काही सीनियर लोक आहेत, त्यांना... तू समजून घे." मी समजून घेतलं. मला समजायला एक क्षणही लागला नाही, याचंच आज सगळ्यात वाईट वाटतं. का, असं मी विचारलं नाही. कोण सीनियर लोक, असं विचारलं नाही. दोन्ही हातांनी ती बरणी उचलली, हॉल ओलांडला आणि समोशांशेजारी, टिश्यूपेपरच्या गठ्ठ्यामागे नेऊन ठेवली. वळलो तर प्रमिलाताई कोट काढून खुर्चीला लावत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. जेवल्या नाहीत. शेवटपर्यंत खुर्चीवर बसून राहिल्या, पाठ ताठ.

आणि ठेचा संपला. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. समोशांबरोबर खायला चटणी कमी पडली आणि तीच मंडळी, ते सीनियर आणि त्यांचं मन जपणारे, प्लेट घेऊन दाराजवळच्या टेबलावर आले आणि त्या बरणीत चमचे घालून ठेचा संपवला. "कुठून आणलाय, जबरदस्त आहे," असं एकजण म्हणताना मी ऐकलं. विकतच्या समोशांशेजारी होता, म्हणजे विकतचा असणार, म्हणजे चालतो. प्रमिलाताईंचं रोप घरी नेऊन खिडकीत ठेवलेलं चालत होतं, त्या रोपाची मिरची फोडणीत चालत होती, आणि त्यांच्या हातचा ठेचा त्यांचं नाव लावून पुरणपोळीशेजारी चालत नव्हता. इथे येऊन ज्यांनी वंशभेदावर तावातावाने भाषणं ठोकली, ऑफिसात कुणी आपलं नाव चुकीचं उच्चारलं तर ज्यांचा दिवस खराब होतो, त्यांची ही गोष्ट. कार्यक्रम संपल्यावर प्रमिलाताईंनी हॉलच्या सिंकमध्ये बरणी धुतली, पिशवीत घातली आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं, "या वर्षी रोपं नाहीत का?"

त्या स्नेहसंमेलनानंतर दोन आठवडे मी स्वतःला समजावत होतो. मग एका शनिवारी त्यांच्या घरी गेलो, पत्ता रोपं वाटल्याच्या जुन्या मेसेजमध्ये होता. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, जिन्यात टाइल्स, दारावर पितळी पाटी. त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं, पण बस म्हणाल्या नाहीत. हॉलमध्ये भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो होता, जो पाहिल्यावर आमच्याकडची माणसं पुढचे प्रश्न विचारायचं थांबवतात. खाली पेल्यात ताजी फुलं. मी उभ्याउभ्या माफी मागायला लागलो. बरंच तयार करून नेलं होतं, मी नवीन होतो, मला कळलं नाही, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरणी उचलताना जड होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग खाली ठेवायची होती, जिथल्या तिथं."

मला रडू आलं. "आता काहून रडतो?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात दया अजिबात नव्हती. एरवी त्या आमच्यासारखंच बोलत, पण चिडल्या की नागपूरकडचं बोलणं वर यायचं. "रडून तुझं मन हलकं होईल. माझ्या घरी येऊन तू तुझं मन हलकं करून राह्यला. माफी नको मले. जानेवारीच्या शेवटी ये. कामाला ये." आणि दार उघडून धरलं.

मी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी गेलो. त्यांनी मला न्हाणीघरात नेऊन बाथटबमध्ये रचलेल्या कुंड्या दाखवल्या, ब्रश दिला. गरम पाण्याने त्या सगळ्या घासायला तीन तास लागले. गेल्या वर्षीच्या मातीत रोग राहतो, मग कोवळं रोप जमिनीलगत कुजून मान टाकतं, एवढंच त्यांनी सांगितलं. चहा दिला. पुढच्या शनिवारी पुन्हा ये म्हणाल्या. अशी आमची ओळख झाली. मैत्री हा शब्द मी वापरायला हरकत नाही. त्यांनी वापरला असता की नाही, सांगता येत नाही.

मिरचीला उगवायला ऊब लागते आणि वाढायला उजेड, आणि ग्लासगोत फेब्रुवारीत दोन्ही नसतं. म्हणून त्या बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवत, मग ओल्या किचन पेपरात गुंडाळून आइस्क्रीमच्या डब्यात घालत आणि तो डबा स्वयंपाकघरातल्या बॉयलरच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवत. दहा दिवस, कधी वीस. रोज झाकण उघडून बघायचं नाही. पांढरं मूळ दिसलं की एकेक बी चिमट्याने उचलून मातीत. वर आलेलं रोप उजेडासाठी हपापलेलं असतं, लांब आणि लुळं होतं, म्हणून खिडकीत साखळीला एक जुनी ट्यूबलाइट टांगलेली आणि कुंडी रोज थोडी फिरवायची. रोप उचलताना पानाला धरायचं, देठाला नाही. पान गेलं तर दुसरं येतं. पाणी खालच्या ताटलीत. मावा आला तर साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसायचं. या सगळ्याचा त्यांना कंटाळा कधी आला नाही, पण कौतुकही कधी वाटलं नाही. गार्डनिंग करून मनःशांती मिळते म्हणणाऱ्या लोकांचा त्यांना तिटकारा होता. मार्चअखेर बी पेरून सप्टेंबरात "एकही मिरची लागली नाही" म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त. "हॉस्पिटलात असेच यायचे," त्या म्हणत, "उशिरा यायचे आणि आमच्यावर ओरडायचे."

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरातच, आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडत होतो. ऊन नसल्यामुळे त्या मिरच्या दोऱ्यात ओवून बॉयलरच्याच कपाटात वाळवत. माझ्या बोटांची आग व्हायला लागली, मी हात झटकले. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा स्वतःहून काही सांगितलं. त्यांचं गाव भिवापूरच्या बाजूला. तिथली मिरची नावाजलेली. हंगामात व्यापारी मोकळ्या जागेत मिरचीचे ढीग घालत, त्याला सातरा म्हणत, आणि आजूबाजूच्या वस्तीतल्या बाया दिवसभर तिथे बसून देठं खुडत. त्यांची आई खुडायची. संध्याकाळी घरी आली की तिचे हात निखाऱ्यासारखे झालेले असत, पोरीला जवळ घेता यायचं नाही, कारण हात लागला की पोर रडायची. "माय मले हाताच्या मागच्या बाजूनं गोंजारायची," त्या म्हणाल्या. "अशी." आणि त्यांनी मनगट वळवून हवेत दाखवलं. मग पुढची मिरची उचलली.

"म्हणून मी शिकले. मिरचीपासून पळून इथं आले. वीस वर्षं घरात मिरची आणली नाही, तिखटाची पुडीसुद्धा नाही. माय गेली तेव्हा गावी गेले, तिच्या ट्रंकेत पावडरच्या डब्यात बी होतं. दुसऱ्याची मिरची खुडली जन्मभर, आणि बी मात्र घरी ठेवलं होतं. कुठं लावणार होती, कुणास ठाऊक. जमीन तर नव्हती." मी काहीतरी हळवं बोललो, बहुतेक हे सुंदर आहे की काय असं. "यात सुंदर काय आहे?" त्या म्हणाल्या. "हात जळत होते तिचे."

मी त्यांना घरी जेवायला बोलावत राहिलो आणि त्या दोन वर्षं टाळत राहिल्या. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. एकदा मात्र स्वतःहूनच म्हणाल्या, रविवारी येते. आल्या त्या पिशवीतून ठेच्याची बरणी घेऊन, आणि आल्या आल्या ती आमच्या टेबलाच्या मधोमध ठेवली. मग खुर्चीवर बसून बघत राहिल्या. नेहाने भाकरी केली होती. तिला मी सगळं सांगितलेलं होतं, तिने ठेचा वाढून घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला, पुन्हा घेतला. "पाणी पिऊ नको, ताक घे," प्रमिलाताई तिला म्हणाल्या. नेहाशी त्या चांगल्या वागत. मला म्हणाल्या, "तुझी बायको तुझ्यापेक्षा बरी आहे." हे त्यांनी मला दिलेलं जवळजवळ प्रशस्तिपत्रच होतं. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि आज मला वाटतं, बरं झालं. म्हणाल्या असत्या तर मी विसरलो असतो.

अंत्यविधीला बर्मिंगहॅमहून त्यांच्या तीन जुन्या मैत्रिणी आल्या, त्याही नर्स. त्यांनी बुद्धवंदना म्हटली. मॉरीन काळी हॅट घालून पहिल्या रांगेत बसली होती. मंडळाकडून एक पुष्पचक्र आलं. आणि तीन आठवड्यांनी, त्याच चर्चच्या हॉलमध्ये, मंडळाने शोकसभा घेतली.

मी जायचं नाही असं ठरवलं होतं. नेहा म्हणाली, "जा. नाहीतर ते म्हणतील तेच खरं होईल." हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला होता. पडद्यावर प्रमिलाताईंचा सात वर्षांपूर्वीचा एक फोटो, ग्रुपफोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. त्याच्या शेजारी मिरच्यांचा फोटो, तो तर इंटरनेटवरून घेतलेला. जाडजूड, चकचकीत, भिवापुरीशी काही संबंध नसलेल्या. ज्यांच्या घरात प्रमिलाताईंची रोपं वाढली त्यांच्यापैकी एकालाही फरक कळला नाही. एका बाईंनी त्यांच्या 'गोड, प्रेमळ स्वभावा'बद्दल सांगितलं. प्रमिलाताई आणि गोड... त्यांनी हे ऐकलं असतं तर त्या बाईंना तिथेच विचारलं असतं की आपण कधी भेटलोय. मग विवेकराव उठले. त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाले की मिरचीताई हे आपल्या समाजातल्या एकोप्याचं प्रतीक होतं, आणि त्यांच्या स्मरणार्थ मंडळ दर वर्षी मिरची लागवडीची स्पर्धा घेणार आहे, विजेत्याला ढाल. बीसुद्धा मिळेल, अनिरुद्धकडे त्यांच्या घरची किल्ली आहे, तो बघेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभा राहिलो. मी म्हणालो की मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि बरणीची गोष्ट सांगितली. कुठल्या टेबलावर होती, कुठल्या टेबलावर गेली, कुणी सांगितलं, कुणी नेली. लेबलवर काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्यांचं पूर्ण नाव मी त्या हॉलमध्ये मोठ्याने घेतलं, कारण तोवर सभेत एकदाही कुणी घेतलं नव्हतं. "ठेचा तुम्ही संपवला होता," मी म्हणालो. "तेवढं लक्षात ठेवा."

एकाने खोकल्यासारखं केलं. विवेकराव म्हणाले, "अनिरुद्ध, आजचा दिवस हे बोलायचा नाही."

"सात वर्षांत दुसरा कुठला दिवस होता, ते सांगा. त्या दिवशी बोललो असतो."

"कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मंडळ दिलगीर आहे." ते सभेकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही. 'तर' म्हणाले. बाई गेली तरी यांचा 'तर' शिल्लक होता.

मी म्हणालो की बी मिळणार नाही. एक वाटीसुद्धा नाही, एक दाणासुद्धा नाही. ढाल काय द्यायची ती द्या. मग कोट घेऊन निघालो. पार्किंगमध्ये एक पंचविशीची मुलगी मागून धावत आली, इथेच जन्मलेली, मंडळातल्याच कुणाची तरी. तिने अडखळत विचारलं, "अंकल, तो बरणी... का हलवला? नावात काय होता?" मी तिला म्हणालो, घरी जाऊन आईवडिलांना विचार, आणि ते जे सांगतील ते नीट ऐक. संध्याकाळी मला ग्रुपमधून काढल्याची सूचना मोबाइलवर आली. एवढं झटपट काम मंडळाने आजवर दुसरं केलेलं मला आठवत नाही.

फ्लॅट हाउसिंग असोसिएशनचा, भाड्याचा होता, जूनअखेर रिकामा करून द्यायचा होता. त्यांच्या पुतण्याशी नागपूरला फोनवर बोलणं झालं. पुस्तकं आणि तो भिंतीवरचा फोटो बर्मिंगहॅमच्या मैत्रिणींनी नेला. खिडक्यांत तेवीस झाडं होती, सगळी फुलावर आलेली, पांढरी, खाली मान घातलेली फुलं. इतके दिवस त्यांना पाणी मॉरीन घालत होती, दर सकाळी जिना उतरून, गुडघे धरत. मी सतरा झाडं आमच्या घरी नेली. सहा मॉरीनने मागून घेतली. तिने आयुष्यात कधी मिरची खाल्लेली नाही, मिरपूडसुद्धा तिला सोसत नाही. मी विचारलं, यांचं काय करणार? ती म्हणाली, "प्रमिला जे करायची ते मी करेन. नंतरचं नंतर."

गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो होतो. बाहेर पाऊस, जुलै असून घरात हीटर लावलेला. सहाही कुंड्या तिच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत, कुटुंबाचे फोटो खाली उतरवून त्या जागी मांडलेल्या. बंद घरात मधमाशी येत नाही, म्हणून मिरचीचं फूल टिचकी मारून हलवावं लागतं, तेव्हा फळ धरतं. मी दारात होतो, तिला माझी चाहूल लागली नव्हती. ती पहिल्या झाडापाशी वाकली, फुलाला हलकी टिचकी मारली आणि म्हणाली, "उट वो. काय मेलावानी पडली."

हे मराठीत, तेही नागपूरकडच्या बोलीत. स्वच्छ ग्लासगोच्या उच्चारात, एकेक शब्द जपून. मग तिला मी दिसलो. "रोज सकाळी प्रमिलाचा आवाज वर ऐकू यायचा," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पाठ झालं. ती प्रत्येक झाडाला हेच म्हणायची. मला वाटलं, त्याशिवाय त्यांना चालणार नाही. बरोबर म्हणते ना मी?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"अर्थ काय त्याचा, अनी?"

"ऊठ," मी म्हणालो. "ऊठ, असा अर्थ आहे."

"एवढंच? मला वाटलं मोठं काहीतरी असेल," मॉरीन म्हणाली, आणि दुसऱ्या कुंडीपाशी वाकली.